बाजारात पाणी शिरण्याआधी

२१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद होती. कोरोनाचे निर्बंध असल्याने चिपळूणकरांनी नमाज घरीच पढली, कुर्बानीचे वाटे पोहोचवले आणि रात्री दमून झोपले. पाऊस मात्र थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले. काही तासांत बाजारपेठेतील तळमजले बुडाले. बहादूरशेख नाक्याजवळचा मुंबई-गोवा महामार्गावरील पूलही खचला.

माझ्या मामूंचे तिथे कापडाचे दुकान आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्यांनी पाण्याची पातळी भिंतीवर तेलरंगाने आखून ठेवली होती. पावसाळ्यात त्या रेषेखाली ताग्याचा एक तुकडाही ठेवायचा नाही, ही शिस्त त्यांनी सोळा वर्षे पाळली. २०२१ मध्ये पाणी त्या रेषेच्या कितीतरी वर गेले. ईदसाठी भरलेल्या मालातून जो उरला होता, तो सगळा चिखलात गेला. नंतर पंचनाम्याला लोक आले तेव्हा मामूंकडे दाखवायला एक बिलही कोरडे नव्हते.

असे का झाले, यावर चिपळूणमध्ये आजही वाद होतात. शहर डोंगरांच्या कुशीत, सखल जागी वसले आहे. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते आणि भरतीचे पाणी गोवळकोटपर्यंत वर चढते. भरतीच्या वेळी नदीला बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्यात कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीमार्गे याच नदीत येते. त्या रात्री कोणत्या पाण्याचा किती वाटा होता, याचा हिशेब तज्ज्ञ करोत. नदीचे पात्र गाळाने भरले होते, हे मात्र कोणालाही उघड्या डोळ्यांनी दिसत होते.

म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केले. त्यात व्यापारी होते, गृहिणी होत्या, सगळ्या जमातींचे लोक होते. त्यानंतर जलसंपदा विभागाने गाळ काढायला सुरुवात केली आणि नाम फाउंडेशननेही यंत्रे देऊन हातभार लावला. नुकसानभरपाईचे पैसे वाटून संपतात. उपसलेला गाळ निदान काही पावसाळे तरी नदीला जागा देतो. पण सह्याद्रीच्या उतारावरची झाडे तुटत राहिली तर तोच गाळ पुन्हा खाली येणार. गाळ उपसणे हे दरवर्षीचे काम आहे आणि ते मागत राहावे लागेल.

आता आपल्या हातातल्या गोष्टीकडे येऊ. इथे दोन पाण्यांत गल्लत करू नये. एक नदीचा महापूर. तो शोषखड्ड्यांनी थांबत नाही. जुलैअखेरीस कोकणातील जमीन आधीच तुडुंब भरलेली असते. दुसरे आपल्याच छपरांचे, आवारांचे आणि काँक्रीटच्या गल्ल्यांचे पाणी. दरवर्षी तासाभराच्या सरीने दुकानाच्या पायरीला लागते ते हेच. त्यावर आपल्याला बरेच काही करता येते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन हजार चौरस फुटांचे मस्जिदीचे छत धरा. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही अपूर्वाई नाही. तेवढ्या पावसात या एका छतावर सुमारे साडेअठरा हजार लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर! आज हे सगळे पन्हळीतून थेट गटारात जाते आणि गटार रस्त्यावर येते. तेच टाकीत साठवले, किंवा गाळून विहिरीत सोडले, तर गटारावरचा भार हलका होतो आणि वुजूला पाणी मिळते. एप्रिल-मे महिन्यांत ज्या मोहल्ल्यांत घागरींच्या रांगा लागतात, तिथल्या भगिनींना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, त्यात छपराची घाण असते. शोषखड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू भरावी. खड्डा इमारतीच्या पायापासून आणि संडासाच्या टाकीपासून लांब असावा. घरे डोंगरउतारावर असतील तर मात्र असे खड्डे खणू नयेत. उतारात मुरलेले पाणी दरड सैल करते. आवारात सगळीकडे काँक्रीट ओतण्याऐवजी थोडी माती मोकळी ठेवावी. आणि पऱ्यावर भिंत घालून वाढवलेली पडवी ज्याची असेल, त्याने ती स्वतःहून मागे घ्यावी. हे बोलायला जड आहे, पण पऱ्या अरुंद झाला की पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते.

दुकानदारांसाठी थोडे वेगळे. शटरच्या दोन्ही बाजूंना खाचा बसवून त्यात फळ्या सरकवल्या, सांधे नीट बंद केले, तर दोन-तीन फुटांपर्यंतचे पाणी बाहेर राहते. त्याहून जास्त पाणी अडवायला जाऊ नये. दाबाने भिंतच कोसळू शकते. पाणी पुष्कळदा दारातून येण्याआधी मोरीतून उलटे येते, तिथे एकमार्गी व्हॉल्व्ह हवा. विजेचा मुख्य स्विच उंचावर घ्यावा. बिले, जीएसटीची कागदपत्रे आणि मालाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवून गावाबाहेरच्या नातेवाइकालाही पाठवून द्यावेत.

विम्याबाबत काही घरांत शरई शंका असते, ती आपापल्या आलिमांना विचारावी. जे विमा घेतात त्यांनी पॉलिसीत पूर धरला आहे का, ते वाचूनच सही करावी. हप्ता वाचवायला मालाची किंमत कमीही लिहू नये. दहा लाखांचा माल पाच लाखांचा लिहिला आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर साधारणपणे हातात दोनच लाख पडतात.

जागा घ्यायची असेल तर आधी पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण हा सरासरीचा हिशेब आहे, असा पूर लागोपाठही येऊ शकतो. चिपळूणचे मोठे पूर सोळा वर्षांच्या अंतराने आले.

शेवटी भरतीचे. उधाण अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास येते, आणि चाँदची तारीख आपल्या घरात लहान मुलांनाही पाठ असते. चाँदच्या पहिल्या दोन-तीन आणि चौदा ते सतरा या तारखांना वर घाटात पाऊस लागून राहिला, तर मामू आता भरतीची वेळ पाहतात आणि मुलांना घेऊन संध्याकाळीच माल माळ्यावर चढवतात. मागच्या पावसाळ्यात हे चार वेळा केले. चारही वेळा पाणी आले नाही. मामी कुरकुरतात, पण मदतीला त्याच सर्वांत आधी दुकानात पोहोचतात.