मत देण्याआधी (भाग ६) : काट्याच्या दोन्ही बाजूंना उमेदवार

गेल्या भागात उमेदवाराच्या शपथपत्रातली मालमत्ता आणि कर्जं कशी वाचायची ते पाहिलं. या आठवड्याचा विषय जरा निसरडा आहे. उद्योगधंद्यांवर सरकारने घातलेले नियम उमेदवाराने कडक केले की सैल, आणि त्यात भलं कोणाचं झालं, हे ओळखायचं कसं? प्रचारसभेत यावर दोनच दावे ऐकू येतात. ‘आम्ही उद्योगांना मोकळीक दिली’ हा एक आणि ‘आम्ही कारखानदारांना वठणीवर आणलं’ हा दुसरा. दोन्ही तपासून बघायला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यासारखी जागा नाही.

औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. भिलवडीचा दूधधंदा, कुंडलचा क्रांती साखर कारखाना आणि पलूसचं वाइन पार्कही इथलंच. शेजारच्या कडेगाव तालुक्यात वांगीला सोनहिरा कारखाना आहे. सोनहिरा उभारला इथले आमदार राहिलेल्या पतंगराव कदमांनी. क्रांती कारखाना लाड घराण्याचा म्हणून ओळखला जातो आणि त्या घराण्यातले अरुण लाड २०२० मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहात जी आडनावं, तीच ते कायदे पाळणाऱ्या कारखान्यांतही. सहकाराच्या पट्ट्यात यात वावगं काही नाही, पण मतदाराचं काम त्यामुळे वाढतं.

शिवाय पलूस-कडेगावात अलीकडे हिशेब मागायची संधीही कमीच आली. पतंगरावांच्या निधनानंतर २०१८ ची पोटनिवडणूक बिनविरोध झाली आणि त्यांचे चिरंजीव विश्वजित कदम आमदार झाले. २०१९ मध्ये ते पुन्हा मोठ्या मताधिक्याने आले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता. तिथे होतं ‘नोटा’, वीस हजारांवर मतं घेऊन. खरी चुरस पाहायला २०२४ उजाडावं लागलं. समोर तगडा प्रतिस्पर्धी नसला की जुने निर्णय उकरून काढायला कोणी येत नाही. ते काम मतदारालाच करावं लागतं. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : अधिकार कोणाचा होता? ऊसधंद्यात याचं उत्तर न कळल्यामुळे बहुतेक भाषणं खपून जातात. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. साखरेचा किमान विक्रीदर, निर्यात, इथेनॉलसाठी किती रस वापरायचा हेही तिथेच ठरतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली आणि आठवडाभरात ती थोडी सैल केली, तेव्हा मुंबईतल्या सरकारच्या हातात पत्र लिहिण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. राज्याकडे उरतं ते गाळप परवाना, वजनकाट्याची तपासणी आणि थकीत बिलांची वसुली. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखाना चुकला तर पुण्यातले साखर आयुक्त वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करतात. थोडक्यात, दर दिल्लीत, आदेश पुण्यात आणि जप्ती सांगलीत. एफआरपी वाढवल्याचं श्रेय कोणी आमदार घेत असेल तर ते सोडून द्या. त्याला विचारा, थकबाकी वसूल व्हावी म्हणून सभागृहात किती प्रश्न लावले? काटामारीच्या, म्हणजे उसाचं वजन कमी दाखवल्याच्या, तक्रारीवर कोणत्या काट्याची तपासणी करून घेतली?

दुसरा प्रश्न : नियम सैल झाला, तेव्हा मोकळीक कोणाला मिळाली? याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२२ चं. महाविकास आघाडी सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा शासन निर्णय काढला. पुणे आणि नाशिक विभागात पहिली उचल १० टक्के उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) धरायची, बाकीची रक्कम हंगाम संपून अंतिम उतारा ठरल्यावर. ऐकायला ही निव्वळ कारकुनी बाब वाटते. आकडे मांडून बघा. त्या हंगामात १० टक्के उताऱ्याला टनाला २,९०० रुपये एफआरपी होती आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २९ रुपये. समजा कारखान्याचा उतारा १२ टक्के. मग तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधीची एफआरपी ३,४८० रुपये होते. पहिली उचल २,९०० च्या हिशेबाने निघाली की टनामागे ५८० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे राहतात. शंभर टन घालणाऱ्याचे ५८ हजार. तेवढ्या काळात त्याच्या सोसायटीच्या कर्जाचं व्याज मात्र थांबत नाही.

कारखान्यांची बाजूही ऐकायला हवी. साखर वर्षभर थोडीथोडी विकली जाते, बिल मात्र दोन आठवड्यांत द्यावं लागतं. त्यासाठी साखर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढावं लागतं. किमान विक्रीदर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिला. एफआरपी मात्र २०१९-२० मधल्या टनाला २,७५० रुपयांवरून २०२५-२६ मध्ये ३,५५० वर गेली. अडचण खरी होती. पण ती सोडवायला दिल्लीकडे विक्रीदर मागायचा की शेतकऱ्याची उचल लांबवायची, हा निवडीचा भाग होता, आणि निवड झाली ती उचल लांबवण्याची. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला.

आता उमेदवारांकडे वळू. निर्णयाच्या वेळी सहकार खातं कराडच्या बाळासाहेब पाटलांकडे होतं. ते स्वतः सह्याद्री कारखान्याचे चेअरमन. त्याच खात्याचे राज्यमंत्री होते विश्वजित कदम. राज्यमंत्र्याला शासन निर्णयाचा कर्ता म्हणणं अन्यायाचं होईल, पण खात्यात बसलेल्या माणसाला ‘तुमचं मत काय होतं?’ असं विचारणं रास्त आहे. आणि हाच प्रश्न समोरच्या बाजूलाही लागू पडतो. जून २०२२ मध्ये सरकार बदललं, विरोधात असलेले सत्तेत आले, तरी न्यायालयाने रद्द करेपर्यंत हा निर्णय जागेवरच राहिला. एकाने नियम सैल केला आणि दुसऱ्याने तो सैलच ठेवला. हिशेबाच्या वहीत दोघांचीही नोंद व्हायला हवी.

तिसरा प्रश्न : निर्णय घेतल्यावर मागे वळून पाहिलं का? पतंगराव १९९९ ते २००४ उद्योगमंत्री होते. त्याच काळात, २००१ मध्ये, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. वाइनवरचं उत्पादनशुल्क दहा वर्षांसाठी माफ झालं आणि नाशिककडे विंचूरला, आपल्याकडे पलूसला वाइन पार्क उभं करायचं ठरलं. कागदावर दोन्ही ठिकाणांना एकच सवलत. प्रत्यक्षात नाशिकची वाइन जगभर पोहोचली आणि पलूसला ती उंची गाठता आली नाही. सांगलीच्या बागा मुख्यतः खायच्या द्राक्षांच्या आणि बेदाण्याच्या. वाइनला वेगळी वाणं लागतात आणि ती लावणाऱ्याला अनेक वर्षं खात्रीने माल उचलणारा कारखाना हवा. २००८ नंतर मंदीत मागणी घटली तेव्हा कच्चे पाय असलेले उद्योग आधी कोसळले. करमाफी दिल्याने उद्योग आपोआप रुजत नाही. तेव्हा सवलत आणली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी विचारावं : पाच वर्षांनी, दहा वर्षांनी त्या भूखंडांवर काय चाललंय, हे सभागृहात कोणी विचारलं?

पुरावा मिळवणं तितकं अवघड नाही. विधिमंडळाच्या कार्यवाहीत तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी नावानिशी सापडतात. कोणत्या कारखान्याने किती टक्के एफआरपी दिली याचे अहवाल साखर आयुक्तालय काढतं. शपथपत्रात उमेदवाराने आणि कुटुंबाने सरकारशी केलेले करार नमूद करावे लागतात. उमेदवाराचा स्वतःचा कारखाना असेल तर त्याचं सभागृहातलं भाषण आणि कारखान्याने १४ दिवसांत काढलेली बिलं एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडा. दोन्ही जुळत असतील तर तो माणूस काटा कोणाच्याही हातात असला तरी वजन सारखं दाखवणारा आहे, आणि त्याला मत देताना पक्ष पाहायची गरज कमी होते. जुळत नसतील तर गावच्या सभेत तोच कागद त्याच्यापुढे धरा. उत्तर द्यायला लागणारा वेळही नोंदवून ठेवा.

पुढच्या भागात : आमदार निधीतली कामं. मंजूर किती, पूर्ण किती आणि ठेकेदार कोण.