चौकटी मोजता मोजता...

क्रॉस-स्टिचचा नमुना उतरवताना आपण काय करतो? आलेखाच्या कागदावर चौकटी मोजायच्या नि एकेका चौकटीला एकेक फुली घालायची. बघता बघता कापडावर पोपट उमटतो, गुलाब फुलतो. घरातले म्हणतात, "फावल्या वेळचा छंद आहे हो!" आणि आपणही हसून मान डोलावतो.

पण मैत्रिणींनो, याच चौकटींवर एका बाईने स्वतःचा व्यवसाय उभारला. तिचं नाव सुझन केअर. जन्म १९५४ चा, अमेरिकेतला. धागे मोजून करायचं भरतकाम तिला आईने शिकवलं होतं. पुढे तिने कलेत डॉक्टरेट मिळवली. १९८२ साली ती एका म्युझियमसाठी रानडुकराचा पुतळा घडवत होती. तेवढ्यात ॲपल कंपनीतल्या शाळासोबत्याचा फोन आला : नव्या संगणकासाठी छोटी चित्रं काढशील का?

संगणकाचा गंध नव्हता, पण ती घाबरली नाही. आलेखाची वही आणली. आडव्या ३२, उभ्या ३२, म्हणजे एकूण १०२४ चौकटी. चौकट एक तर काळी, नाहीतर पांढरी. मुलाखतीला जाण्यापूर्वी लायब्ररीतून अक्षरकलेची पुस्तकं आणून वाचली आणि वही सोबत नेली. काम मिळालं! १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावरचा हसरा चेहरा, कचऱ्याचा डबा ही तिचीच चित्रं.

पुढे नोकरी सोडून तिने स्वतंत्र काम सुरू केलं. महिन्याचा ठरलेला पगार सोडायचा म्हणजे धाडसच. पण कामाचा दर्जा बोलत होता. १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर सॉलिटेअरचा डाव आला, त्यातले पत्ते तिने काढलेले. दुपारची आवराआवर झाल्यावर तो डाव आपल्यापैकी कितीजणींनी मांडला असेल!

यातून आपण काय घ्यायचं? एक, हातातली कला जुनी म्हणून टाकाऊ नसते. तिला नवी जागा शोधावी लागते. दोन, येत नसेल ते शिकून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. तीन, केलेलं काम जपून ठेवावं. सुझनची ती चौकटींतली रेखाटनं २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने घेतली.

आणि चौथं, जे आपल्याला सर्वांत जड जातं : मोबदला मागणं. मी स्वतः किती वर्षं ओळखीपाळखीत ब्लाऊज भरून दिले! "ताई, तुमच्या हाताला काय सफाई आहे," एवढ्यावर खूश. दोऱ्याचे पैसेसुद्धा पदरचे. शेवटी एकदा धीर करून दर सांगितला. दोघी परत आल्या नाहीत हे खरं. पण तिसरीने ठरलेले पैसे हातावर ठेवले आणि वर आपल्या जावेलाही घेऊन आली.

तेव्हा आजच एक वही घाला. केलेला नमुना, लागलेले तास, दोऱ्याचा खर्च, सगळं लिहा. त्यावरून दर ठरवा आणि पुढच्या वेळी तो सांगताना आवाज खाली आणू नका.