पहिली शाळा उंबऱ्याच्या आत

सीमाभागातील मराठी शाळांविषयी आपण नेहमी बोलतो. वर्गखोल्या, शिक्षक, पुस्तके, घसरणारा पट हे सारे प्रश्न खरे आहेत आणि त्यांसाठी भांडावेच लागेल. पण आज आम्हाला त्याआधीच्या वर्षांविषयी बोलायचे आहे. मूल पहिलीत जाते ते सहाव्या वर्षी. तोवर ते असते आईच्या पदराशी, आजीच्या मांडीवर, सोप्यात नाहीतर परड्यात. त्या वर्षांत जे शब्द ते कमावते, त्याच भांडवलावर पुढे शाळेत उभे राहते. ही शाळा कोणाच्या आदेशाने उघडत नाही की बंद पडत नाही. बंद पडली तर ती आपल्याच हाताने पडते.

खानापूरकडच्या एका खेड्यात आम्ही चुलीपाशी बसलो होतो. आजी भाकरी थापत होत्या आणि चार वर्षांची नात समोर दुरडी घेऊन बसली होती. "जेवायला कोण कोण?" आजींनी विचारले. नातीने बोटे मोडली, "आबा, आप्पा, आई, तू, मी." "मग भाकऱ्या किती?" "पाच." थोडे थांबून तीच म्हणाली, "आप्पा दोन खातोय, सहा कर." आम्ही म्हटले, "आजी, नातीला छान शिकवता." त्या हसल्या. "मी कुठलं शिकवायला बाबा? मला सही बी येत नाही."

वाचकहो, मोजणी झाली, बेरीज झाली, विचार करून आपले उत्तर सुधारणेही झाले. पाटी नाही, पेन्सिल नाही. शिकवणाऱ्या बाईंना मात्र आपण शिकवतो हेच ठाऊक नाही. आपल्या घरोघरी हेच चालले आहे.

हे आम्ही नवे सांगत नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली आणि शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. आज सर्वांच्या तोंडी असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून रुळला. अंगणातून निघालेली ती शाळा आता पुन्हा आपल्या अंगणात आणायची आहे, एवढेच.

काय करावे? आपल्या घरात जे आहे तेच. भात मोजायला चिपटे, मापटे अजून असेल तर ते मुलाच्या हाती द्या. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे त्याने ओतून, सांडून पाहिले की दुप्पट म्हणजे काय ते त्याला पाठ करावे लागत नाही. मापे नसतील तर लहानमोठ्या वाट्या चालतील. रताळी काढल्यावर लहान, मध्यम, मोठी अशी रास त्यालाच करू द्या. रांगोळीचे चार ठिपके द्या आणि जोडायला सांगा; अक्षर गिरवायला लागणारे वळण बोटाला तिथेच मिळते. अंधार पडला की कोडे घाला. "निजताना बारीक, उठताना जाड, रात्रभर नुसते पाणी प्याले, कोण ते?" भिजत घातलेले हरभरे सकाळी त्याला दाखवा. कोडे सुटेल आणि हरभरा फुगतो कसा, हा पुढचा प्रश्न तेच विचारील.

मात्र मुख्य गोष्ट बोलण्याची आहे. वस्तू नुसती देऊन भागत नाही. चिंच आंबट, आवळा तुरट, कारले कडू. सूप खरखरीत, वरवंटा गुळगुळीत. आधी लावणी, मग कापणी, मग मळणी. असे शब्द कामाबरोबर कानावर पडले की ते मुलाचे होतात. भातुकलीत ते आई होते, दुकानदार होते, पाहुण्यांना बसा म्हणते. तेव्हा हसू नका. पाहुणे होऊन बसा. दोन पथ्ये मात्र पाळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, हरभरे असे बारीक काही देऊ नका. ते घशात अडकते. आणि चुकले म्हणून रागावू नका. खेळ संपतो आणि शिकणेही संपते.

आता मनातल्या भीतीविषयी. काही गावांत अंगणवाडीत कन्नड आहे, पुढे इंग्रजीची ओढ आहे. घरात मराठी बोलून मूल मागे पडेल का, असे आईबाप आम्हाला विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या मुलाला पाच भाकऱ्या मोजता येतात, त्याला कन्नडातला 'ऐदु' शिकायला वेळ लागत नाही. मोजणे त्याला आधीच आलेले असते, फक्त नाव नवे असते. कन्नड शेजाऱ्याची भाषा आहे, ती मुलाने जरूर शिकावी. इंग्रजीही शिकावी. पण ज्याला कोणत्याच भाषेत मनातले नीट सांगता येत नाही, त्याची तीनही भाषांत फरफट होते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच सुचविले आहे.

खरा धोका वेगळाच आहे. जेवताना मूल रडू नये म्हणून आपण त्याच्या हाती मोबाईल देतो. घर गप्प होते. त्या गप्प घरात ना मराठी वाढते, ना कन्नड, ना इंग्रजी. मोबाईल मुलाशी बोलत राहतो, पण मुलाने विचारलेले त्याला ऐकू येत नाही. आजीला येते.

शाळेसाठी मोर्चा काढायचा तेव्हा काढूच. पण आज संध्याकाळी पाव तास तरी मुलाजवळ बसा. हे काम एकट्या आईचे नाही. शेतावरून आलेल्या बापानेही बसावे. पहिलीच्या बाकावर बसण्याआधी मुलाच्या ओंजळीत आपले शब्द पडले पाहिजेत, आणि ते घालायला सही यावी लागत नाही.