टक्कल तलावाच्या पाण्याने पडत नाही



मागच्या मिटिंगला जाळ्यांच्या हप्त्याचा विषय निघाला, तेव्हा आपला एक तरुण सभासद म्हणाला, "मला यंदा जाळं नको." कारण विचारलं तर लाजत टोपी काढली. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलेलं, टाळू विरळ. जाळ्याचे पैसे तेलाच्या बाटल्यांत गेले होते. वर तेलवाल्याने सांगितलं, "तलावाचं पाणी डोक्याला लागतं, म्हणून केस जातात. पाण्यात उतरू नको." आता पाण्यात उतरायचं नाही तर आपण खायचं काय? म्हणून हे लिहितो आहोत.

आपणच विचार करू. पाणी सगळ्या डोक्याला लागतं. मग टाळूचे केस जातात आणि कानामागचे, मानेवरचे का राहतात? घरच्या बायाही त्याच पाण्याने डोकं धुतात, त्यांना असं टक्कल का पडत नाही?

खरं कारण आतलं आहे. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. त्यातून डीएचटी नावाचं दुसरं तयार होतं. काही जणांच्या टाळूच्या केसांची मुळं या डीएचटीला जास्त दबतात. मूळ बारीक होत जातं, केस दरवेळी आखूड आणि पातळ उगवतो, शेवटी दिसेनासा होतो. मागच्या मुळांना त्याचा तेवढा त्रास होत नाही. अमेरिकेतले जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले, त्यांना असं टक्कल पडत नाही. त्यांना हार्मोन दिल्यावर मात्र ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस जाऊ लागले.

म्हणजे हार्मोन आणि घराणं, दोन्ही लागतं. "मामावर गेला" म्हणतात ते अर्धंच खरं. एक महत्त्वाचा जीन आईकडून येतो, पण बाकीचे बरेच दोन्हीकडून येतात. टोपी, ऊन, "अंगातली गरमी" यांचा यात दोष नाही. मर्दानगी कमी-जास्त असण्याचाही संबंध नाही.

मात्र सगळी केसगळती अशी नसते. 2024 च्या डिसेंबर अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडले. बाया-पोरांचेसुद्धा. आधी संशय पाण्यावर गेला. आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढे अनेकांचे केस परत उगवू लागले. फरक लक्षात घ्या: घराण्यातलं टक्कल वर्षानुवर्षं हळू, ठरलेल्या जागी पडतं. हे अचानक, घरात कुणालाही.

म्हणून केस एकदम झडले, चाईसारखे गोल चट्टे पडले, खाज-खपल्या आल्या, तर थांबू नका. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात, ते बहुतेक परत येतात. थायरॉईड, रक्त कमी असणं हीसुद्धा कारणं असतात. उटनूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, गरज पडली तर आदिलाबादला रिम्समध्ये.

घराण्यातल्या टकलावर मिनॉक्सिडिल लावायचं आणि फिनास्टेराइड पोटात घ्यायचं औषध आहे. काहींना गुण येतो, पण बंद केलं की फायदा जातो. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. फिनास्टेराइडच्या फुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावू नये.

आपल्या त्या पोराला आम्ही विचारलं, "वडिलांचं डोकं कसं आहे?" तो हसला. म्हणाला, "काकाचंपण तसंच." जाळ्याच्या यादीत त्याचं नाव परत घातलं आहे. टोपी घालूनच पाण्यात जा भाऊ, टकलावर ऊन जास्त लागतं.

आपला,
सचिव