रंधा कसा मारावा?

पावसाळ्यात दार फुगते, चौकटीत अडते. मग आमच्या जालन्याकडे घरोघरी रंध्याची आठवण होते.

आधी पात्याला धार लावा. बोथट पाते लाकूड ओरबाडते. पाते बसवून पाचर ठोका. रंधा उलटा धरून तळावरून नजर टाका. पाते केसाएवढे दिसले की पुरे. जास्त दिसले, तर लाकडी रंध्याच्या मागच्या टोकावर हलकेच ठोका. पाते आत सरते. पाचर पुन्हा घट्ट करा.

रंधा लाकडाच्या रेषांच्या कलाने चालवा. उलटा चालवला की चिरफळ्या निघतात. मी एक फळी अशीच नासवली. सुतारदादाने ती नुसती फिरवून धरली, अन् लांब, पातळ कीस निघाला!

दार मात्र भर पावसात फार तासू नका. उन्हाळ्यात ते आटते, अन् फटीतून विंचू घरात येतो.