पाण्यावर गाडी चालते का? बुडबुड्यांनाच विचारूया!

तुमच्या फॅमिली ग्रुपवरही तो व्हिडिओ कधी ना कधी आला असेल. एक गृहस्थ काचेच्या डब्यात पाणी ओततात, दोन तारा जोडतात, ‘रेझोनन्स’ असा भारदस्त शब्द उच्चारतात आणि मोटारसायकल सुरू करतात. खाली लिहिलेले असते, ‘पेट्रोलची सुट्टी! किट मागवा, एजन्सी घ्या.’

आमच्या रिसालीत असे व्हिडिओ जरा जास्तच मन लावून पाहिले जातात. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला कोणी ना कोणी इथे जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतो. हाती निवृत्तीचे पैसे असतात, यंत्रांची आवड असते आणि वेळही असतो. म्हणूनच कोणी पैसे भरण्याआधी, यात खरे किती आणि थाप किती, हे नीट पाहूया. गंमत म्हणजे यातले थोडेसे अगदी खरे आहे!

आधी एक पेला पाणी घ्या

मोठ्यांना सोबत घेऊन हा प्रयोग करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा. मीठ घालू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासा. एकेक टोक पाण्यात बुडवा आणि वरची टोके तारांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. खिडकी उघडी ठेवा, पेला झाकू नका आणि जवळ गॅस, उदबत्ती किंवा काडीपेटी अजिबात नको.

दोन्ही टोकांवर बुडबुडे जमू लागतील. ऋण टोकावर हायड्रोजन निघतो, तो जास्त असतो. धन टोकावर ऑक्सिजन निघतो. यालाच पाण्याचे विद्युत अपघटन म्हणतात. निकोल्सन आणि कार्लाइल यांनी इंग्लंडमध्ये १८०० साली हे करून दाखवले होते.

आता नीट पाहा. बरेच बुडबुडे वर न येता पेन्सिलीलाच चिकटून बसतात. पेल्यावर बोटाने टिचकी मारा. बुडबुडे झर्रकन सुटून वर येतील. या लेखाचे अर्धे विज्ञान त्या टिचकीत आहे.

चिकट बुडबुड्यांचा त्रास

बुडबुड्यातून वीज वाहत नाही. तो टोकाला चिकटला की तेवढी जागा अडते आणि पाणी तिथे पोहोचत नाही. उरलेल्या जागेवर ताण येतो आणि वीज उष्णता होऊन वाया जाते.

हिशेब असा आहे. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे नऊ लिटर पाणी आणि निदान ३९ युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गाचा भाव आहे, त्यात घासाघीस चालत नाही. प्रत्यक्ष यंत्रांना मात्र साधारण ५० ते ५५ युनिट लागतात. मधले दहा-पंधरा युनिट वेगवेगळ्या अडथळ्यांत जातात आणि बुडबुडे हा त्यातला एक अडथळा. संशोधकांची सगळी धडपड या मधल्या युनिटांसाठी चालली आहे.

टिचकीऐवजी आवाज

कारखान्यात पेल्यावर टिचक्या कोण मारत बसणार? म्हणून संशोधक ध्वनी वापरतात, आपल्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला वीस हजारांहून जास्त कंपनांचा. सराफाच्या दुकानात दागिने धुणारे छोटे यंत्र पाहिले असेल, त्यात हाच ध्वनी असतो.

जोरदार ध्वनी पाण्यातून जाताना पाणी क्षणभर ताणले जाते. तिथे बारीक पोकळ्या तयार होतात आणि लगेच कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. चहाचे आधण उकळण्याआधी जो आवाज करते, तोही वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात कोसळण्याचाच असतो. ध्वनीने घडवलेली पोकळी कोसळते तेव्हा त्या सुईच्या टोकाएवढ्या जागी काही हजार अंश तापमान निर्माण होते आणि पाण्याची बारीक धार सुटते. ती धार चिकटलेले बुडबुडे झाडून टाकते.

पण हे दुधारी शस्त्र आहे. पंपावर काम केलेल्यांना विचारा. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज आला की ते म्हणतील, ‘कॅव्हिटेशन झाले, आता इंपेलर खाणार.’ जी धार बुडबुडे झाडते, तीच धातूही कुरतडते.

या विषयात मराठी माणसांचे काम मोठे आहे. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी अनेक वर्षे कॅव्हिटेशनचा अभ्यास केला. ध्वनीऐवजी अरुंद छिद्रातून पाणी वेगाने सोडूनही कॅव्हिटेशन घडवता येते आणि मोठ्या प्रमाणावर ते स्वस्त पडते, हा त्यांच्या कामातला महत्त्वाचा धागा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विवेक रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात भोवरा निर्माण करून कॅव्हिटेशन घडवणारी साधने विकसित केली. त्यांचा मुख्य भर सांडपाणी शुद्ध करण्यावर होता, हायड्रोजनवर नव्हे. पण पोकळी कशी घडवायची आणि आवरायची, हे ज्ञान दोन्हीकडे लागते.

मग रेझोनन्स म्हणजे काय?

झोक्याला योग्य वेळी हलका धक्का दिला की तो उंच जातो. हाच अनुनाद, म्हणजे रेझोनन्स. पाण्यातल्या बुडबुड्यालाही स्वतःचा सूर असतो. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली त्याचे गणित मांडले. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे सव्वातीन हजार वेळा कंप पावतो. बुडबुडा जितका लहान, तितका सूर उंच. त्याच्या सुरात ध्वनी दिला तर तो थोड्या ऊर्जेत जोरात हलतो. इथवर सगळे खरे.

थाप इथून पुढे सुरू होते. ‘विशिष्ट फ्रिक्वेन्सीला पाण्याचा रेणूच तुटतो, वीज नाममात्र लागते,’ असे सांगितले जाते. रेणूतले बंध सेकंदाला सुमारे शंभर लाख कोटी वेळा कंप पावतात. किटमधल्या हजारांच्या कंपनांचा त्यांच्याशी सूर जुळणे शक्यच नाही. आणि बंध कसाही तोडा, ३९ युनिटांचे बिल द्यावेच लागते. तो हायड्रोजन जाळला की जास्तीत जास्त तेवढेच परत मिळतात. गाडीची बॅटरी पाणी फोडणार आणि तोच हायड्रोजन पुन्हा बॅटरी भरून वर गाडीही चालवणार, हे म्हणजे शंभराची नोट मोडून सव्वाशे सुटे मागण्यासारखे झाले.

अमेरिकेत स्टॅन्ली मेयर नावाच्या माणसाने असाच दावा करून गुंतवणूकदार जमवले. १९९६ साली ओहायोतील न्यायालयाने ती फसवणूक ठरवून दोन गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत करायला लावले. मेयरचे नाव मात्र आजही अशा व्हिडिओंत फिरते.

खऱ्या संशोधकाची ओळख

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ च्या अखेरीस एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. सेकंदाला एक कोटी कंपनांचा ध्वनी दिल्यावर तेवढ्याच व्होल्टेजला सुमारे चौदा पट हायड्रोजन मिळाला. इतक्या वेगवान कंपनांत पोकळी मोठी व्हायला वेळच मिळत नाही. इथे बुडबुडे झडतात आणि टोकाजवळच्या पाण्याची रचना बदलते. पण ‘चौदा पट’ वाचून हुरळू नका. त्यांनीच दिलेली निव्वळ ऊर्जाबचत आहे २७ टक्के, आणि तीही प्रयोगशाळेतल्या छोट्या मांडणीत. ध्वनीसाठी लागलेली वीज हिशेबात धरली आहे का, हा प्रश्न कोणत्याही दाव्याला पहिल्यांदा विचारायचा.

भिलाईला याचे काय?

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून दल्ली-राजहऱ्याच्या खनिजातला ऑक्सिजन कोळशापासून बनलेल्या कोकने काढला जातो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हायड्रोजननेही तो ऑक्सिजन काढता येतो, मग मागे उरते फक्त पाणी. एक टन लोखंडासाठी किमान ५४ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे सुमारे २,७०० युनिट वीज. त्यात दहा टक्के वाचले तर टनामागे २७० युनिट, एखाद्या घराचे महिन्याचे बिल! केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. लक्ष्य आहे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे. म्हणूनच या चिकट बुडबुड्याची किंमत मोठी आहे.

तर पुढच्या वेळी तो व्हिडिओ आला की पाठवणाऱ्या काकांवर हसू नका. त्यांना घरी बोलवा, पेला-पेन्सिलीचा प्रयोग दाखवा, टिचकी त्यांनाच मारू द्या. मग शांतपणे विचारा, ‘काका, एकूण वीज किती गेली आणि परत किती आली?’ ज्यांनी आयुष्यभर कारखान्यात टनाटनाचा हिशेब ठेवला, त्यांना उत्तर आपोआप सुचेल. आणि निवृत्तीचे पैसे बँकेतच राहतील.