पोकर येणार होता

दहा-बारा वर्षांपूर्वी जाणकार छातीठोकपणे सांगत : पुढचा जमाना पोकरचा. दाखला तयारच होता. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकी अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासला पोहोचला आणि 25 लाख डॉलर जिंकून बसला. इकडे मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या होत्याच.

रेवस बंदरात मात्र पोकर काही उतरला नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी ओढून ठेवलेल्या. जाळी शिवून झाली की शेजारच्या बोडणीच्या ओट्यांवर कॅट निघायचा. मेंढीकोट, झब्बू आणि गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती. दमट हवेत पानं चिकटायची, पिसताना चार-चार एकदम खाली पडायची, आणि तेवढ्यात कुणीतरी एक्का हेरून ठेवायचा. भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्येही डाव पडे. रेवस आलं की मोडावाच लागे.

मोबाइलमध्ये रेवस येत नाही. तिथे शिरली रमी, तीही कायद्याचं बोट धरून. सिकंदराबादच्या एका क्लबवर पडलेल्या धाडीच्या खटल्यात (आरोपीचं नाव सत्यनारायण!) 1967 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून रमी कौशल्याची, तीन पत्ती निव्वळ नशिबाची. या निकालाच्या जोरावर कंपन्यांनी पुढे दुकानं थाटली. हाताला सवयीची तेरा पानं सोडून पोकर नव्याने शिकायला कोण बसणार? भाकीत करणाऱ्यांनी खेळ पाहिला, खेळणारा पाहिलाच नाही.

पुढचं भराभर झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये या ऑनलाइन डावांवर 28 टक्के जीएसटी लागला. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर झाला. त्यांनी तो नाकारला, पण कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा! 22 ऑगस्टला नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब हा वादच त्याने मोडीत काढला : पैसे लावले की रमी, पोकर सारखेच. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. कंपन्यांनी पैशांचे डाव लगोलग गुंडाळले. पाचच दिवसांनी गणपती बसले.

पैसे न लावता खेळायला मुभा आहे. मेंढीकोटाचं त्यावर भागतं, कोट चढवल्याची फुशारकी पुढच्या गणपतीपर्यंत पुरते. पोकरचं कसं भागावं? गमवायला काहीच नसेल, तर समोरच्याच्या ब्लफला घाबरून पानं टाकणार कोण?